टोरांटोहून कॅलगरीला बिऱ्हाड हलवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रॅम्प्टन, मिसिसागा, मिल्टन, ओकव्हिल या टोरांटोजवळच्या भागांतून कॅलगरीकडे येणारी मराठी कुटुंबं पुन्हा पुन्हा हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. उदाहरण ऑन्टारियो प्रांतातल्या टोरांटोहून अल्बर्टा प्रांतातल्या कॅलगरीचं असलं तरी एडमंटन, व्हँकुव्हर किंवा हॅलिफॅक्सला निघालेल्यांनाही बराचसा भाग उपयोगी पडेल. प्रांतांचे नियम तेवढे आपापले बघून घ्यावेत. या सगळ्यात लोकांना जड जातो तो मधला काळ. माणसं पोचलेली असतात आणि सामान वाटेत असतं. जुन्या प्रांताचं हेल्थ कार्ड खिशात असतं आणि नव्याचं अजून यायचं असतं. तो काळ आधी आखून ठेवलात तर बाकीचं निभावतं.

सामान नेण्याचे पर्याय कोणते आहेत?

मुख्यतः तीन. पहिला, मूव्हर कंपनी: माणसं येतात, सामान चढवतात, तिकडे उतरवून देतात, हवं असेल तर बांधाबांधही करतात. दुसरा, कंटेनर: रिकामा पेटारा दारात आणून ठेवतात, तुम्ही आपल्या सवडीने भरता, मग तो ट्रकने किंवा रेल्वेने कॅलगरीला जातो आणि नव्या दारात उतरतो. तिसरा, भाड्याचा ट्रक स्वतः चालवत नेणे.

एका-दोघांचं, वन बेडरूमचं बिऱ्हाड असेल तर कंटेनर बघावा. अडचण एकच, कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत, राहत असाल तर तो उभा करायला जागा मिळत नाही. व्यवस्थापनाला आधी विचारा. मुलंबाळं आणि तीन बेडरूमचं घर असेल तर चांगला मूव्हर शोधण्यात वेळ घालवावा हे माझं मत. भाड्याचा ट्रक कागदावर स्वस्त दिसतो, पण एकेरी प्रवासाचं भाडं, ३,४०० किलोमीटरचं इंधन, मुक्काम आणि दोन्हीकडे चढवा-उतरवायला लागणारी माणसं हे सगळं मांडलं की फरक फार उरत नाही. शिवाय मोठा ट्रक कधी चालवलेला नसताना सुपीरियर सरोवराकाठच्या घाटवळणांवर पहिल्यांदा चालवणं मला मुळीच पटत नाही.

मूव्हरचा खर्च नेमका कशावर ठरतो?

शहरातल्या शहरात हलताना तासावर पैसे लागतात. लांबच्या पल्ल्याला वजन आणि अंतर यांवर. वजन पौंडांत मोजतात. घर बघून किंवा व्हिडिओ कॉलवर सामानाची यादी केली जाते, प्रत्येक वस्तू किती घनफूट जागा घेईल ते धरतात आणि एका घनफुटाला ७ पौंड या हिशेबाने वजनाचा अंदाज काढतात. ढोबळमानाने भरलेल्या खोलीचे १,००० पौंड धरावेत. म्हणजे दोन बेडरूम, दिवाणखाना आणि स्वयंपाकघर मिळून ४,००० पौंडांच्या आसपास. बऱ्याच कंपन्या किमान वजनाचे पैसे घेतात, त्यामुळे सामान अगदी थोडं असेल तर आधी ‘तुमचं मिनिमम किती?’ हे विचारा.

खरं वजन काट्यावर ठरतं: आधी रिकामा ट्रक, मग भरलेला. दोन्ही वजनांच्या पावत्या मागून घ्या. वजनाच्या वेळी हजर राहायचं असेल तर तसं आधीच सांगा. प्रामाणिक कंपनी आढेवेढे घेत नाही.

वरचे जादा पैसे वेगळे असतात आणि भांडणं तिथेच होतात. जिने, लांबचा व्हरांडा, लिफ्टसाठी खोळंबा, गोदामातला मुक्काम. आणखी एक म्हणजे शटल: मोठा ट्रेलर तुमच्या गल्लीत शिरू शकला नाही तर सामान छोट्या ट्रकमधून दारापर्यंत आणतात आणि त्याचे पैसे लावतात. दोन्ही पत्त्यांवर ट्रक कुठे उभा राहील याचे फोटो कंपनीला आधीच पाठवा आणि यातलं काय काय लागू होईल ते करारात लिहून घ्या.

एका कंपनीने इतरांच्या निम्मा दर सांगितला आहे. घ्यावा का?

नका घेऊ. या एका प्रश्नावर मी ठाम आहे, कारण यात लोकांची वर्षांची जमवाजमव जाते.

कॅनडात घरगुती सामान हलवण्याच्या धंद्यासाठी असा खास सरकारी परवाना लागत नाही. एक वेबसाइट, एक मोबाइल नंबर आणि भाड्याचा ट्रक एवढ्यावर कुणीही मूव्हर म्हणवू शकतो. फसवणुकीची पद्धत ठरलेली आहे. फोनवर, घर न बघता, भलताच कमी दर सांगतात. इंटरॅकने, म्हणजे थेट बँक खात्यातून, आगाऊ रक्कम मागतात. सामान ट्रकमध्ये चढलं, दार लागलं की ‘वजन दुप्पट भरलं’ म्हणून नवा आकडा सांगतात आणि तो दिल्याशिवाय सामान उतरवत नाहीत. तोवर तुम्ही मुलांना घेऊन रिकाम्या घरात बसलेले असता.

म्हणून घर किंवा व्हिडिओ बघितल्याशिवाय दिलेला दर हा दरच समजू नका. कंपनीचा प्रत्यक्ष पत्ता नकाशावर शोधा. जमलं तर जाऊन बघा. नावाचा ट्रक आहे का, तीच कंपनी सामान नेणार की दुसऱ्याला विकणार, हे विचारा. कॅनेडियन असोसिएशन ऑफ मूव्हर्स या संघटनेची सदस्यसूची ऑनलाइन तपासता येते. आगाऊ पैसे द्यायचेच असतील तर क्रेडिट कार्डाने द्या, म्हणजे वाद घालायला जागा राहते. मराठी मंडळाच्या ग्रुपवर ‘गेल्या वर्षभरात कोण आलं आणि कोणाबरोबर आलं’ एवढं विचारलंत तरी ऑनलाइन रिव्ह्यूंपेक्षा खरी माहिती मिळते.

ऑन्टारियोच्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे करारात अंदाजित रक्कम लिहिलेली असेल तर अंतिम बिल तिच्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. तुम्ही स्वतः मध्ये काम वाढवून त्याला संमती दिली असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठीच लेखी करार हवा. सामान अडवलं गेलं तर पोलिसांकडे आणि कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरकडे तक्रार करा आणि सगळं बोलणं ईमेलवर ठेवा.

सामान किती दिवसांत पोचतं?

कंपनी तारीख देत नाही, तारखांचा पट्टा देते. लांबच्या प्रवासात एका ट्रेलरमध्ये तीन-चार कुटुंबांचं सामान एकत्र जातं. ट्रेलर भरेपर्यंत थांबतो, वाटेत विनिपेगला किंवा रेजायनाला कुणाचं तरी उतरवतो, मग तुमच्याकडे येतो. त्यामुळे एक ते तीन आठवडे धरून चालावं. उन्हाळ्यात आणि बर्फात त्याहून जास्तही लागतात. पट्ट्याची शेवटची तारीख हीच खरी समजून बेत आखा. ती ओलांडली तर कंपनी काय देणार, हेही करारात बघा. ठरावीक तारखेची हमी किंवा पूर्ण ट्रक तुमच्या एकट्यासाठी हवा असेल तर मिळतो, पैसे बरेच जास्त पडतात.

कॅलगरीचा पत्ता देताना शेवटची दोन अक्षरं गाळू नका. शहर चार भागांत वाटलेलं आहे: एनई (ईशान्य), एनडब्ल्यू (वायव्य), एसई (आग्नेय), एसडब्ल्यू (नैर्ऋत्य). तोच रस्ता क्रमांक आणि तोच घर क्रमांक दोन भागांत सापडू शकतो, आणि मग ट्रक शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहतो.

तेवढे दिवस घर कसं चालवायचं?

दोन आठवड्यांच्या बिऱ्हाडाचं सामान स्वतःबरोबर ठेवा. गाडीत किंवा विमानाच्या बॅगांत. हवा भरायच्या गाद्या, पांघरुणं, माणशी एक ताट-वाटी-पेला, तीन लिटरचा कुकर, तवा, एक कढई, सुरी, मसाल्याचा डबा. डाळ-तांदूळ कॅलगरीत मिळतात. मुलांच्या आवडीची एकदोन खेळणी आणि एक टेबललॅम्प घ्या, कारण इकडच्या बऱ्याच भाड्याच्या घरांत बैठकीच्या खोलीत छताला दिवा नसतो.

ट्रकमध्ये कधीच टाकू नयेत अशा गोष्टी: पासपोर्ट, पीआर (कायम रहिवासी) कार्ड, जन्माचे आणि लग्नाचे दाखले, पदवीची प्रमाणपत्रं, मुलांच्या लशींच्या नोंदी, दागिने, लॅपटॉप, रोजची औषधं. देवघरातले देवही बहुतेक जण बरोबरच नेतात, आणि नव्या घरात पहिल्या संध्याकाळी दिवा लावता येतो.

काय न्यावं आणि काय विकून टाकावं?

वजनावर पैसे लागतात हे एकदा लक्षात घेतलं की उत्तर सोपं होतं. वस्तूचं वजन अंदाजून त्याला कंपनीच्या दर-पौंड भावाने गुणा आणि तीच वस्तू कॅलगरीत जुनी केवढ्याला मिळेल ते ऑनलाइन बघा. खोक्यातून आणून जोडलेली फर्निचरं या हिशेबात बहुतेक वेळा नापास होतात. भुशाच्या फळ्यांची कपाटं एकदा खोलून पुन्हा जोडली की ढिली पडतात. ट्रेडमिल, जुना सोफा, दुसरा फ्रीज सोडा. चांगली गादी, सागवानी किंवा शिसवी वस्तू, शिलाई मशीन, मुलांच्या सायकली न्या.

पुस्तकं सगळ्यात जड. ती छोट्या खोक्यांतच भरावीत. टपालाने पाठवायची असतील तर कॅनडा पोस्टची मर्यादा एका पार्सलला ३० किलोंची आहे.

पाटा-वरवंटा, जातं किंवा आजीचा पितळी खलबत्ता यांचा हिशेब दर-पौंडाने करू नये. ते न्यावं.

आपलं स्वयंपाकघर कसं भरायचं?

स्टीलचे डबे रिकामे पाठवू नका, जागा वाया जाते. आत वाट्या, चमचे, पुसण्याची फडकी भरा. पुरणयंत्र, सोऱ्या, किसणी यांचे सुटे भाग एका पिशवीत घालून त्याच डब्यात ठेवा, म्हणजे दिवाळीत शोधाशोध होत नाही. मिक्सरचं भांडं आणि मोटार वेगवेगळी गुंडाळा. काचेच्या बशा उभ्या लावायच्या, आडव्या एकावर एक नाही. जड खोकं ४० पौंडांच्या वर नेऊ नका.

लोणच्याच्या बरण्या हा हळवा विषय आहे. मूव्हर नाशवंत किंवा सांडणारे पदार्थ घेत नाहीत आणि एक बरणी फुटली तर शेजारच्या कुटुंबाच्या गाद्याही खराब होतात. तेल असलेलं लोणचं घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत, दुहेरी पिशवीत, स्वतःच्या गाडीतून न्या. विमानात चेक-इन बॅगेत टाका. हातातल्या बॅगेतून ते काढून घेतील. कोकमाचं आगळ, सरबतं, व्हिनेगर थंडीत ट्रकमधून मुळीच पाठवू नका. ट्रेलर गरम केलेला नसतो. प्रेअरीत, म्हणजे वाटेतल्या सपाट गवताळ प्रदेशात, पारा उणे ३० पर्यंत उतरला की बाटल्या तडकतात.

टीव्ही आणि संगणक हिवाळ्यात उतरवून घेतल्यावर लगेच चालू करू नका. गार यंत्रावर आतून ओल धरते. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, एक रात्र जाऊ द्या.

मूव्हर आणखी काय नेत नाहीत?

बार्बेक्यूचा प्रोपेन सिलिंडर, रंग, थिनर, स्प्रेचे डबे, पेट्रोल भरलेलं गवत कापायचं यंत्र. कुंड्या बहुतेक जण घेत नाहीत. घेतल्या तरी झाडं जगत नाहीत. तुळस गाडीत नेता येते, हिवाळा सोडून. जळाऊ लाकडं नेऊ नका: लाकडातून झाडांची कीड पसरते म्हणून कित्येक भागांतून ती बाहेर न्यायला कायद्याने बंदी आहे.

मोडतोड झाली तर भरपाई मिळते का?

न विचारता जी मिळते ती फार थोडी असते. मूव्हरची मूळ जबाबदारी साधारणपणे वस्तूच्या वजनावर, पौंडाला ६० सेंट एवढीच धरतात. ५० पौंडांचा मोठा टीव्ही फुटला तर हातात ३० डॉलर. म्हणून ‘रिप्लेसमेंट व्हॅल्यू प्रोटेक्शन’, म्हणजे तशीच नवी वस्तू घेण्याएवढी भरपाई, वेगळे पैसे देऊन घ्यावं, आणि कुठल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत ते वाचावं. तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्याच्या आतली फूट बहुतेक कंपन्या धरत नाहीत. त्यामुळे काचसामान आणि चांदीची भांडी वगळता बाकीचं स्वतः बांधा. काचसामान त्यांना बांधू द्या आणि चांदी स्वतःजवळ ठेवा. घराच्या विम्यात प्रवासातलं सामान येतं का तेही एजंटला विचारा.

चढवताना यादीवर प्रत्येक वस्तूची आधीची अवस्था लिहिलेली असते. तिच्यावर घाईत सही करू नका. ‘ओरखडे, पोचे’ असं सरसकट लिहिलं असेल तर नंतरचा दावा उभा राहत नाही. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

कोणत्या महिन्यात निघावं?

जून अखेर ते ऑगस्ट अखेर सगळ्यात महाग आणि गर्दीचं. १ जुलैला क्वेबेकमध्ये भाडेकरारांचा दिवस असल्याने तिथली निम्मी दुनिया एकाच दिवशी घर बदलते आणि ट्रक मिळत नाहीत. त्याचा ताण ऑन्टारियोपर्यंत येतो. शाळेमुळे उन्हाळ्यातच निघायचं असेल तर महिन्याच्या मधल्या आठवड्यातला मंगळवार-बुधवार धरा आणि दोन महिने आधी मूव्हर ठरवा. मुलं लहान असतील तर मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरचा पहिला भाग मला सगळ्यात चांगला वाटतो. रस्ता कोरडा असतो आणि दरही उतरलेले असतात.

भाड्याचं घर सोडताना आणि नवं घेताना काय बघायचं?

ऑन्टारियोत महिन्याच्या भाड्यावर असाल तर एन९ अर्जाने किमान ६० दिवसांची सूचना द्यावी लागते आणि शेवटची तारीख भाड्याच्या महिन्याच्या शेवटीच पडावी लागते. ३१ जुलैला सोडायचं तर मे संपायच्या आत अर्ज गेलेला बरा. वर्षाचा करार मध्येच असेल तर एन९ चालत नाही. घरमालकाशी बोलून एन११ वर, म्हणजे करार संमतीने संपवण्याच्या अर्जावर, दोघांनी सह्या करा किंवा करार दुसऱ्याच्या नावे करण्याची परवानगी मागा. सुरुवातीला दिलेलं शेवटच्या महिन्याचं भाडं त्या महिन्यालाच वापरलं जातं, परत मिळत नाही. कॉन्डोची सामानाची लिफ्ट मात्र आठवडे आधी राखून ठेवा.

अल्बर्टात डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. घराचा ताबा घेताना आणि सोडताना तपासणीचा लेखी अहवाल व्हावा लागतो. तो नसेल तर नुकसानीपोटी घरमालकाला डिपॉझिटमधून पैसे कापता येत नाहीत. मात्र भाडं किती वाढवावं यावर इथे वरची मर्यादा नाही, वर्षातून एकदाच वाढवता येतं एवढंच. ऑन्टारियोची सवय असलेल्यांना हे लक्षात येत नाही, म्हणून आधी सांगितलेलं बरं. वीज आणि गॅसची कंपनी तुम्हाला स्वतः निवडावी लागते. ताबा घेण्याआधी खातं उघडा.

गाडीने जावं का? रस्ता कसा आहे?

उन्हाळ्यात जरूर जावं. हातात पाच दिवस ठेवा. टोरांटो ते सू सेंट मरी सुमारे ७०० किलोमीटर, तिथून थंडर बे आणखी ७००, तिथून विनिपेग पुन्हा ७००. मग रेजायना पावणेसहाशेच्या आसपास आणि शेवटचा कॅलगरीचा टप्पा साडेसातशेच्या पुढे. सोसेल तसे मुक्काम जोडायचे. हॉटेलं उन्हाळ्यात भरतात, विशेषतः वाटेतल्या वावा गावातली आणि थंडर बेची, आधी राखा.

सू सेंट मरी ते थंडर बे हा सुपीरियर सरोवराकाठचा टप्पा सगळ्यात देखणा आणि सगळ्यात खडतर. हा रस्ता सलग झाला तोच १९६० साली. डोंगर, वळणं, जायला-यायला एकेकच लेन, मैलोन्‌मैल मोबाइलला रेंज नाही. टाकी निम्मी झाली की भरा, पुढच्या पंपावर विसंबू नका. नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा. सांज झाल्यावर मूस नावाची मोठी हरणं रस्त्यावर येतात. ती उंच असल्याने गाडीचा उजेड डोळ्यांवर पडत नाही आणि धडक थेट काचेवर येते. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा.

निपिगॉनजवळ ११ आणि १७ हे दोन्ही महामार्ग एकत्र येतात आणि नदीवरच्या एका पुलावरून जातात. १० जानेवारी २०१६ रोजी तिथल्या नव्या पुलाचा भाग उचलला गेला, आणि पूर्व कॅनडाचा पश्चिमेशी असलेला रस्त्याचा संबंधच काही काळ तुटला. अमेरिकेतून वळसा एवढाच मार्ग उरला होता. तेव्हा निघण्याआधी ऑन्टारियो ५११ या सरकारी माहितीसेवेवर रस्त्यांची स्थिती बघायची सवय ठेवा.

मुलांना थंडर बेजवळ टेरी फॉक्सचं स्मारक दाखवा. एका पायाने धावत देश ओलांडणाऱ्या त्या मुलाची धाव १ सप्टेंबर १९८० रोजी याच भागात थांबली. काकाबेका धबधबाही तिथून जवळ आहे. विनिपेगच्या पुढे रस्ता सरळ, सपाट; झोप येते, चालक बदलत राहा.

नोव्हेंबर ते मार्च लहान मुलांना घेऊन हा प्रवास करू नये असं मला मनापासून वाटतं. गाडी रेल्वेने किंवा वाहनवाहू ट्रेलरने पाठवा आणि तुम्ही विमानाने या. चार-साडेचार तासांत कॅलगरी. पाठवायच्या गाडीत सामान कोंबता येत नाही आणि टाकीत थोडंच इंधन ठेवतात. व्हँकुव्हरकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: ब्रिटिश कोलंबियाच्या बहुतेक डोंगरी महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून हिवाळी टायर सक्तीचे आहेत.

अमेरिकेतून रस्ता सोपा आहे म्हणतात. तिकडून गेलं तर?

भारतीय पासपोर्टवर कॅनडाचं पीआर असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. तो असला तरी घरभर सामान घेऊन सीमा ओलांडली की दोन्हीकडच्या कस्टम्सना यादी दाखवावी लागते. फक्त माणसं आणि कपड्यांच्या बॅगा असतील तर जा. ट्रक घेऊन नका जाऊ.

हेल्थ कार्डाचं काय? मध्ये विमा नसतो का?

असतो, पण नीट समजून घ्या. दुसऱ्या प्रांतातून येणाऱ्याला अल्बर्टाचं संरक्षण येण्याच्या महिन्यानंतरच्या तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मिळतं. २० जुलैला आलात तर १ ऑक्टोबरपासून. तोपर्यंत ओहिप, म्हणजे ऑन्टारियोचा सरकारी आरोग्य विमा, चालू राहतं, म्हणून ते कार्ड जपून ठेवा. अर्ज मात्र आल्या आल्या करा. ओहिप डॉक्टर आणि हॉस्पिटलचा खर्च देतं. ॲम्ब्युलन्स आणि दुकानातून घ्यायची औषधं देत नाही. मधल्या महिन्यांसाठी कंपनीचा विमा चालू आहे ना ते बघा. नोकरी बदलत असाल तर बहुतेक तो तुटलेला असतो. निघण्याआधी फॅमिली डॉक्टरकडून तीन महिन्यांची औषधं लिहून घ्या आणि रिपोर्टच्या प्रती मागा, कारण इकडे नवा डॉक्टर मिळायला वेळ लागतो.

आई-बाबा सुपर व्हिसावर, म्हणजे पालकांसाठीच्या दीर्घ मुक्कामाच्या व्हिसावर, तुमच्याबरोबर असतील तर त्यांचा विमा खाजगी असतो. त्या कंपनीला नवा प्रांत कळवा.

लायसन्स, गाडी आणि गाडीचा विमा?

अल्बर्टात हे सगळं रजिस्ट्री एजंटकडे होतं. खाजगी दुकानं आहेत, गल्लोगल्ली सापडतात, हेल्थ कार्डाचा अर्जही तिथेच देता येतो. लायसन्स ९० दिवसांत बदलायचं. ऑन्टारियोच्या ‘जी’ वर्गाच्या लायसन्सचं इकडे क्लास ५ होतं. परप्रांतीय गाडीची मान्यताप्राप्त गॅरेजमध्ये तपासणी करून घ्यावी लागते. विंडशील्डला तडा असेल तर त्यात नापास होते, तेव्हा काच आधीच बदला.

ऑन्टारियोच्या विमा कंपनीकडून किती वर्षं अपघाताविना चालवली याचं पत्र घेऊन या, हप्त्यात मोठा फरक पडतो. आणि गारपिटीचं संरक्षण वगळू नका. १३ जून २०२० आणि ५ ऑगस्ट २०२४ या दोन्ही दिवशी कॅलगरीच्या ईशान्य भागाला गारांनी झोडपलं. छपरं आणि गाड्या फुटल्या. आपली बरीच माणसं त्याच भागात घर बघतात, म्हणून गॅरेज आहे का हे विचारा. घर विकत घेणाऱ्यांनी छताच्या विम्याच्या अटी सही करण्याआधी वाचाव्यात.

करात काही सूट मिळते का?

मिळते आणि बरेच जण ती सोडून देतात. नोकरीसाठी हललात आणि नवं घर नव्या कामाच्या ठिकाणाला जुन्या घरापेक्षा किमान ४० किलोमीटर जवळ असेल तर खर्च आयकर विवरणाच्या ओळ २१९०० वर वजा करता येतो. टी१-एम अर्ज भरायचा. मूव्हर, गोदाम, प्रवास, १५ दिवसांपर्यंतचा तात्पुरता मुक्काम आणि जेवण, भाडेकरार मोडल्याचा खर्च, जुनं घर विकल्याचं एजंटचं कमिशन हे सगळं बसतं. जेवणाच्या पावत्या ठेवायच्या नसतील तर माणशी एका जेवणाला २३ डॉलर, दिवसाला ६९ डॉलरपर्यंत धरता येतात. घर बघायला मारलेल्या फेऱ्या आणि टपाल वळवण्याचे पैसे बसत नाहीत. कंपनीने भरून दिलेला खर्चही नाही. ही वजावट नव्या ठिकाणच्या कमाईतूनच होते. उरली तर पुढच्या वर्षी नेता येते.

वर्षभराचा प्रांतिक कर ३१ डिसेंबरला तुम्ही कुठे राहता त्यावरून ठरतो. अल्बर्टात कर नेहमी कमीच, हे ऐकीव गणित मात्र धरू नका. प्रांतिक विक्रीकर इकडे नाही हे खरं, पण मधल्या पगारांवर ऑन्टारियोचा आयकर कमी भरू शकतो. स्वतःचे आकडे घालून बघा. मुलांचा चाइल्ड बेनिफिट अडू नये म्हणून सीआरएला (कॅनडाच्या कर खात्याला) पत्ता लगेच कळवा.

मुलांच्या शाळेत काय फरक पडेल?

ऑन्टारियोत चौथ्या वर्षी ज्युनिअर किंडरगार्टन मिळतं. अल्बर्टात सरकारी किंडरगार्टन एकच वर्षाचं आणि बहुधा अर्ध्या दिवसाचं असतं. दोघंही नोकरी करत असाल तर डे-केअरचा खर्च आणि जागा आधी बघा. अनेक कुटुंबांचं गणित इथेच चुकतं. पहिली ते नववी फारसा त्रास होत नाही. अकरावी-बारावीतलं मूल असेल तर शक्य असल्यास वर्ष संपू द्या: इकडे बारावीच्या मुख्य विषयांना डिप्लोमा परीक्षा असते, तिला ३० टक्के वजन आहे, आणि क्रेडिटची मोजणीही वेगळी आहे.

आम्ही प्रांताच्या नॉमिनेशनवर, म्हणजे पीआरसाठी प्रांताने केलेल्या शिफारशीवर, आलो आहोत. प्रांत सोडता येतो का?

पीआर झाल्यावर कॅनडाच्या हक्कांच्या सनदेच्या कलम ६ प्रमाणे कुठल्याही प्रांतात राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क आहे. अर्ज अजून प्रक्रियेत असेल तर हलू नका. नॉमिनेशन त्या प्रांतात राहण्याच्या इराद्यावर दिलेलं असतं. आधी परवानाधारक सल्लागाराशी बोला. एकाच मालकाशी बांधलेला वर्क परमिट असेल तर त्याच्या अटी बघा. कुठलाही अर्ज चालू असताना पत्ता बदलला की आयआरसीसीला (इमिग्रेशन खात्याला) कळवायचं. इंजिनीअर, नर्स, शिक्षक यांना प्रांताची नोंदणी बदलावी लागते. इंजिनीअरांसाठी इकडे अपेगा ही संस्था आहे.

तबला-पेटी नेताना काही काळजी घ्यावी का?

हो. कॅलगरी समुद्रसपाटीपासून सुमारे १,०४५ मीटरवर आहे आणि हवा कमालीची कोरडी. टोरांटोत वर्षानुवर्षं ठीक राहिलेलं शिसवी कपाट इकडे पहिल्याच हिवाळ्यात तडकतं. तबल्याची पुडी ताणली जाते, तानपुऱ्याचा भोपळा उकलतो. वाद्यं ट्रकमध्ये न देता गाडीतून न्या, रात्री गाडीत ठेवू नका, आणि नव्या घरात ह्युमिडिफायर लावून ४० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता ठेवा. याच उंचीमुळे पाणी ९६-९७ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात भात आणि डाळ थोडा वेळ जास्त घेतात. कुकरमध्ये फरक जाणवत नाही.

टपाल आणि पत्ते?

कॅनडा पोस्टकडून टपाल ४ किंवा १२ महिने वळवून घेता येतं. १२ महिने घ्या, कारण वर्षातून एकदाच येणारी पत्रं कराची असतात.

भारतीय पासपोर्ट आणि ओसीआयची कामं आता कुठे?

अल्बर्टात राहायला आलात की तुम्ही व्हँकुव्हरच्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येता, टोरांटोच्या नाही. पासपोर्टचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर निघण्याआधी टोरांटोतच उरकून घ्या. नाहीतर नव्या पत्त्याचा पुरावा हाती येईपर्यंत, म्हणजे लायसन्स किंवा विजेचं बिल मिळेपर्यंत, थांबावं लागेल.